पैदाइशीचा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. माझ्या मित्राचं कॉलेज माझ्या हातानं बुडालं. हात चुकला नव्हता. मी समजून उमजून लिहिलं होतं. आणि जे लिहिलं ते खोटंही नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं झाकून राहिलं.

नावं मी इथं घालणार नाही. तो सोनारीचा, तिथला देव भैरवनाथ, म्हणून मी त्याला भैरोबा म्हणायचो. मी वाशीच्या कापडदुकानदाराचा, म्हणून तो मला वाणी म्हणायचा. तेवढ्यावर भागेल.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मॅट्रिकपर्यंत शिकायचं तर धाराशिवला यावं लागे. कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. आम्ही दोघं एका तेल्याच्या घरामागच्या खोलीत राहायचो. खोलीला, आमच्या अंथरुणाला आणि वह्यांनासुद्धा करडीच्या तेलाचा वास यायचा. भाकरी तो थापायचा. मला येत नव्हती. "वाण्याचं पोर, मोजायला पुढं, थापायला मागं," असं म्हणत तो पहिली भाकरी मलाच वाढायचा.

शाळेत सगळं उर्दूत. गणिताला रियाजी म्हणायचं, भूगोलाला जुगराफिया. मनातल्या मनात मराठीत हिशेब करायचा आणि उत्तर उर्दूत द्यायचं, यात माझा निम्मा जीव जायचा. भैरोबाला त्याचं काही वाटत नसे. त्याचे वडील मेंढरं राखायचे. वाघरात, म्हणजे जाळीच्या कोंडाळ्यात, शिरणारी मेंढरं एका नजरेत मोजायची सवय त्याला लहानपणापासून होती, आणि रियाजीची गणितं तो तशीच सोडवायचा. उत्तर आधी, रीत मागून. त्याचं एकच वाईट होतं, अक्षर. उर्दूत अक्षराला खत म्हणतात. त्याचं खत म्हणजे गारांत बिथरलेला कळप. माझं खत मात्र चांगलं होतं. शाळेतल्या निम्म्या मुलांचे अर्ज मी लिहून द्यायचो. माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती.

शेवटच्या वर्षी आम्हाला एका घोरानं धरलं. हैदराबादच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळेल का? तिथं जिल्ह्यामागं मोजकीच मुलं घेतात हे आम्ही ऐकून होतो. किती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी दोन म्हणायचं, कुणी चार. वकिलाचा मुलगा म्हणायचा, "एकच. आणि ती आधीच ठरलेली असते." तो स्वतः पुण्याला जाणार होता, त्यामुळं त्याला असली बातमी सांगायला मजा यायची. मला त्या 'एकच'नं पछाडलं. जेवताना घास हातात राहायचा. वर्गात भैरोबानं हात वर केला की मी वहीच्या कडेला एक रेघ मारायचो. ज्याच्या हातची भाकरी खात होतो त्याला मी वैऱ्यासारखा मोजत होतो.

तो मात्र थट्टेवारी न्यायचा.

"तुला कसला घोर रं, वाणी? न्हाय मिळालं तर गज हाय की हातात. फाड कापड."

"आणि तुला?"

"मला काठी."

मग एकदा पीठ मळता मळता, हसणं बाजूला ठेवून त्यानं सांगितलं, "आबा म्हणत्यात, यंदा जमलं तर जा. न्हाय जमलं तर मेंढरं तुझ्याकडं. पुढच्या सालाचं बोलणं न्हाय."

माझ्याही घरी काही वेगळं नव्हतं. चुलते गादीवर बसून म्हणायचे, "शिकून काय मुन्सफ होणार हाय का? बस हितं, गिऱ्हाईक बघ." वडील काही बोलायचे नाहीत. त्यांच्या न बोलण्याचीच मला जास्त भीती वाटायची. पण खरं सांगायचं तर मला गादी होती. दुकान होतं, खाऊन-पिऊन सुख होतं. त्याचं अडलं तसं माझं अडलेलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. न कळता केलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

निकाल लागला. तो पहिल्या दर्जात, मी दुसऱ्या. त्यानं मला उचलून खोलीत गिरकी घेतली. "दोघं बी जातो लेका! भाकरी म्याच थापणार हैदराबादला!" मी हसलो. मनात ते 'एकच' चालूच होतं.

अर्ज भरायचा दिवस मला अजून दिसतो. हेडमास्तर साहेब हैदराबादकडचे, वयस्कर, शेरवानीचं वरचं बटण कायम उघडं. कोरे अर्ज माझ्या हातात देत म्हणाले, "साफ लिखो. वहाँ साब लोगां पहले खत देखते, नंबर बाद में." भैरोबाला दुपारची परंड्याची मोटर गाठायची होती. घरी पेरणी खोळंबली होती. त्यानं कोऱ्या अर्जाखाली उर्दूत आपली वेडीवाकडी सही ठोकली आणि म्हणाला, "तू भर. माझं सगळं ठावं हाय तुला. माझ्या खताकडं बघूनच साहेब मला हाकलून देतील." घोंगडी खांद्यावर टाकून तो गेला.

शाळेच्या ओसरीवर मी एकटाच बसलो. आधी माझा अर्ज भरला. नाव, बापाचं नाव, धर्म, आणि मग पैदाइशीचा रकाना, म्हणजे जन्मठिकाण. मी लिहिलं, वाशी.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या त्या सगळ्या पट्ट्यातल्या सोयरिकी हद्दीपलीकडं. बार्शी जवळ, पण ती इंग्रजांच्या मुलखात. वाशी, भूम, परंड्याकडच्या निम्म्या सुना तिकडच्या. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. त्यामुळं घरोघरचं थोरलं पोर इंग्रजी हद्दीत जन्मलेलं. सव्वा महिन्यानं बाळंतीण पोराला घेऊन गाडीतनं नाका ओलांडायची, आणि पोर निजामाचं व्हायचं. शाळेत घालताना मास्तर बापाचं गाव लिहायचे. त्यात कुणालाच काही खोटं वाटत नव्हतं. पोर बापाच्या गावचं, संपलं. पण सरकारचा एक कायदा होता. नोकरी असो की कॉलेज, आधी मुल्की, म्हणजे राज्यातला माणूस. बाहेर जन्मलेल्याला तो मुल्की असल्याचा दाखला आणावा लागे. आमच्याकडं तो कधी कुणी आणलेला मी पाहिला नव्हता. कारण खरं जन्मठिकाण कधी कुणी लिहीतच नव्हतं.

मी स्वतः बार्शीला आजोबांच्या घरी जन्मलो. आणि लिहिलं, वाशी. सगळे लिहितात तसं.

मग त्याचा अर्ज घेतला. त्याचा जन्म कुठला ते मला पक्कं ठाऊक होतं. सोनारीच्या जत्रेला त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा त्याच्या आईनं मला पुरणपोळी वाढता वाढता सांगितलं होतं, "ह्यो माझ्या माहेरच्या बाजंवर झाला बग. बार्शीच्या अंगाला हाय माझं माह्यार. ह्यो झाला आन् दुसऱ्याच दिशी गारा पडल्या. ह्येचा बा म्हणायचा, पायगुण दावला लेकानं." सगळी हसली होती. मीही हसलो होतो.

टाक त्या रकान्यावर थांबला. शाई सुकली. पुन्हा बुडवला. वकिलाच्या पोराचं 'एकच' कानात वाजत होतं. आणि मी त्याच्या आजोळचं नाव लिहिलं. तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर. सुरेख खतात लिहिलं. इतकं सुरेख मी माझ्या अर्जातही लिहिलं नव्हतं. मनाशी म्हणालो, खरं तेच तर लिहिलंय.

हेडमास्तर साहेबांनी गठ्ठ्यावर भराभर सह्या केल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

पंधरा-वीस दिवसांनी भैरोबाचा अर्ज परत आला. लाल शाईत शेरा होता: शाळेच्या दाखल्यावर एक गाव, अर्जात दुसरं, तेही राज्याबाहेरचं. मुदतीच्या आत मुल्की असल्याचा पुरावा द्यावा. मुदतीला पाच दिवस उरले होते. मी त्याच दिवशी मोटरच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला. मनात म्हटलं, येऊ दे, होईल त्याचं. मला ते व्हायला हवं होतं की नको होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तो आला, बरोबर वडील. पायात जाड वहाणा, हातात काठी, खोलीत न येता दाराशीच उभे. मी 'या आबा, बसा' म्हटलं. "बसतो कशाला बाबा, आधी साहेबाला भेटू," ते म्हणाले. तिघं शाळेत गेलो.

हेडमास्तर साहेबांनी अर्ज टेबलावर पसरला. "ये किसने लिखा? दाखले में सोनारी, अर्जी में अंग्रेजी इलाका."

माझं खत त्यांच्या ओळखीचं होतं, पण त्यांना ते आमच्याच तोंडून हवं होतं.

"देखो, मैं रास्ता निकालता. जिसने लिखा वो खाली एक सतर लिख दे, के गलती से लिखा गया. मैं आज के आज सिफारिश के साथ भेज देता."

एक ओळ. माझ्या खतातली एक ओळ, आणि सगळं निस्तरलं असतं. मी टेबलावरच्या दौतीकडं बघत उभा राहिलो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मी पुढं झालो तर साहेब विचारतील, हे गाव तुला सुचलं कुठनं? मग म्हणतील, तुझं आजोळ कुठलं? आणि माझा स्वतःचा अर्ज उघडा पडेल. तो पुढं गेला होता, त्याला कुणी अडवलं नव्हतं. मला तो तसाच पुढं जाऊ द्यायचा होता.

आबांनी लेकाला विचारलं, "काय म्हणत्यात साहेब?"

भैरोबानं सांगितलं. म्हातारा सरळ साहेबांनाच म्हणाला, "बाजंवरनं मुलूख ठरतो व्हय साहेब? आमची मेंढी बार्शीच्या रानात व्याली तर कोकरू काय इंग्रजाचं?"

साहेब हसले. खरोखर हसले. "चाचा, बात तो सही बोले तुम. पर कागज को कौन समझाए?" मग पुन्हा आमच्याकडं वळून, "बोलो, किसने लिखा?"

मी मान वर केली नाही. आणि शेजारून भैरोबाचा आवाज आला, "मैंनेच बोला था साब, ऐसा लिखो करके."

"तूने?"

"जी."

"गलती नहीं, तो फिर मैं क्या कर सकता? जा, तहसील से लिखा के ला."

पुढचे दिवस आम्ही गावचा पटेल, पटवारी आणि परंड्याची तहसील यांच्यात फिरलो. मी त्यांच्याबरोबर हिंडलो. आबांची घोंगडी मी खांद्यावर वाहिली, त्यांना पाणी आणून दिलं. तहसीलचा कारकून, पेशकार, म्हणाला, पटेल-पटवाऱ्याचा दाखला आणा. तो आणला. मग म्हणाला, साक्षीदार दोन आणा. आणले. मग म्हणाला, तहसीलदार साहेब दौऱ्यावर गेलेत, सही त्यांचीच लागते. आबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सात पिढ्या हितंच माती खाल्ली. आता हितलाच हाय म्हणून सही आणू कुठनं?" त्यांनी ते कुणाला विचारलं नव्हतं, पण मी जवळच बसलो होतो.

मुदत गेली.

मी धाराशिवला परतताना भैरोबा परंड्याच्या मोटरपर्यंत पोचवायला आला. मोटर सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "घोर करू नगंस, वाणी. तुझं हुईल."

माझं झालं. चिठ्ठी आली तेव्हा चुलत्यांनी पेढे वाटले. माझी ट्रंक बांधली. निघण्याआधी हेडमास्तर साहेबांनी भैरोबाचा तो परत आलेला अर्ज माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "दोस्त को दे दे. उसका है." मी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

हैदराबादला दाखल होताना कॉलेजच्या दफ्तरातल्या कारकुनानं यादीवर बोट फिरवलं. "उस्मानाबाद. दो जगह, दो नाम थे, बाबा. दूसरे का कागज नहीं आया?" मी म्हणालो, "नहीं." त्यानं त्या नावावर काट मारली. वसतिगृहात माझ्या खोलीतली दुसरी खाट वर्षभर रिकामी राहिली. त्या खाटेवर मी कपडे ठेवायचो, पण एक दिवसही बसलो नाही.

जागा दोघांना होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यानंतर मी जे काही शिकलो ते या एका गोष्टीखाली दबून गेलं.

आणि शिकलो तरी काय? दुसऱ्या वर्षी रझाकारांची धामधूम सुरू झाली. वर्ग आज भरायचे, उद्या बंद. घरून निरोप आला, परत ये. वडिलांनी दुकान बंद करून सगळ्यांना बार्शीला आईच्या माहेरी हलवलं होतं. मीही तिथं गेलो. ज्या घरात जन्मल्याचं मी अर्जात लपवलं त्याच घरात मी बिऱ्हाड करून राहिलो.

एका बाजाराच्या दिवशी तिथं भैरोबा भेटला. त्याचीही माणसं आणि मेंढरं हद्दीपलीकडं, त्याच्या आजोळी आली होती. लोकरीचं गाठोडं घेऊन तो बाजारात बसला होता. गळ्यात पडला, घट्ट. चहा पाजला. मग हसत म्हणाला, "बग वाणी, शेवटी आपल्या दोघांच्या बाजंनंच थारा दिला."

दोघांच्या.

म्हणजे माझा जन्म बार्शीचा हे त्याला ठाऊक होतं. माझ्याच आईनं कधीतरी सांगितलं असेल, जसं त्याच्या आईनं मला सांगितलं. मग हेडमास्तर साहेबांसमोर तो का बोलला, ते मला तिथं चहाचा कप हातात घेऊन कळलं. मी तोंड उघडलं तर माझाही अर्ज बुडेल, हे त्यानं माझ्याआधी ताडलं होतं. स्वतःचा जाताना त्यानं माझा वाचवला. पण तो रकाना मी चुकून भरला असं तो धरून होता, की मुद्दाम भरला हेही त्याला कळलं होतं, ते मी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांत बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं. मी लोकरीच्या गाठोड्याकडं बघत बसलो.

निजामाचं राज्य गेलं. नाके उठले. बार्शी आणि सोनारीमधली ती हद्द आज कुणाला दाखवताही येणार नाही. मी कॉलेजात परतलो, पण तिथली उर्दू गेली, इंग्रजी आली, आणि मी दोनदा नापास होऊन शिक्षण सोडलं. धाराशिवच्या एका कचेरीत कारकून झालो. जुनी उर्दू दफ्तरं वाचायला माणूस लागतो, म्हणून मला ठेवलं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या पिवळ्या कागदांवरचे रकाने वाचून मराठीत उतरवतो. माझ्या त्या सुरेख खताचं आता कुणाला काम पडत नाही.

भैरोबानं मेंढरं राखली. मग दुष्काळात ती विकली. आता सोनारीत दुसऱ्याच्या रानात राबतो, असं कळलं. आबा केव्हाच गेले. गेल्या जत्रेला सोनारीकडचा एक माणूस कचेरीत आला होता, त्यानं सांगितलं, दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय, उजेड तेवढा दिसतो.

त्या बातमीनंतर मी एकदा एसटीनं सोनारीला गेलो. अर्ज पिशवीत होता. देवळाबाहेर एका दुकानदाराला त्याचं घर विचारलं. त्यानं हात करून दाखवलं, "त्ये काय, लिंबाखाली बसलाय न्हवं." लिंबाखाली एक माणूस दोर वळत बसला होता. चेहरा दिसत नव्हता, पण खांदे ओळखले. मी देवाला नारळ वाढवला, प्रसाद घेतला, आणि त्याच गाडीनं परत आलो. घरी सांगितलं, भैरवनाथाचं दर्शन घेऊन आलो.

इथं मी त्याचं नाव घातलं नाही, माझंही नाही. हीसुद्धा पळवाटच आहे, मला कळतं. हे छापून आलं तरी त्याला वाचता येणार नाही. आणि तो अर्ज उर्दूत आहे. त्याच्या घरात उर्दू वाचणारं कुणी नाही. डोळे होते तोवर त्यानं तरी वाचला असता. आता तो कागद नुसता हातात देऊन भागायचं नाही.

माझ्याकडं त्याचं राहिलंय ते एवढंच: त्याच्यासमोर बसून तो रकाना मला मोठ्यानं वाचून दाखवायचा आहे, आणि सांगायचं आहे की हे मी जाणूनबुजून लिहिलं. ते मी अजून केलेलं नाही.